रोलरसमोरची टिटवी

सकाळी पावणेदहाच्या सुमारास रोलरचालकाचा फोन आला. "मॅडम, टिटवी रोजच ओरडते, पण आज ती गाडीसमोरून हलायलाच तयार नाही. पंख पसरून उभी राहिली आहे. मी इंजिन बंद केलंय." भूविकासाच्या प्रकल्पावर पर्यावरण अधिकारी म्हणून काम करताना असे फोन मला क्वचितच येतात, बहुधा रोलर फिरून गेल्यावर जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी सहज सांगतो.

निघताना मी सर्वेक्षणाचा अहवाल बरोबर घेतला. सात आठवड्यांपूर्वी मीच सही केलेल्या त्या अहवालात या पट्ट्यापुढे 'वापरातील घरटे आढळले नाही' असे लिहिले होते आणि त्या दिवशी ते खरेही होते, कारण तेव्हा तिथे गुडघाभर गवत होते. झुडपांत घरटी करणाऱ्या बुलबुलांची वीण सुरू होण्याआधी आम्ही ते गवत आणि झुडपे काढली, मुरूम पसरला, वर खडीचा पातळ थर दिला आणि पुढचे साहित्य वेळेवर न आल्यामुळे पट्टा तीन आठवडे तसाच पडून राहिला. टिटवीला घरट्यासाठी नेमकी अशीच जमीन लागते: उघडी, खडेगोट्यांची, जिथून दूरवरचे दिसते. बुलबुलांसाठी वेळेवर केलेल्या कामाने आम्हीच टिटवीला जागा करून दिली होती. माझ्या फॉर्ममध्ये झाडे, झुडपे, गवत, पाणथळ असे सगळे रकाने होते. आमच्याच कामातून तयार झालेल्या जमिनीसाठी मात्र एकही नव्हता.

तिथे पोहोचल्यावर मी चूक केली. आम्ही पाच जण एका रांगेत उभे राहून, खाली पाहत, घरटे शोधत पुढे सरकू लागलो. टिटव्यांची जोडी डोक्यावरून झेपावत होती आणि आम्ही जिकडे जाऊ तिकडे सारखीच ओरडत होती, त्यामुळे त्यांच्या ओरडण्यावरून काही कळेना. दहा मिनिटांनी मुकादम म्हणाले, "मॅडम, आपण सगळे इथून निघू या. ती स्वतःच दाखवील." त्यांचे म्हणणे बरोबर होते, आणि खरे तर ते मला आधी सुचायला हवे होते.

आम्ही साठेक मीटरवर गाडीत जाऊन बसलो. दुर्बिणीतून पाहिले तर टिटवी घरट्यापासून बऱ्याच अंतरावर उतरली, चार पावले चालली, थांबली, उगाच जमिनीवर चोच मारली, पुन्हा उलट दिशेला गेली. टिटवी सहसा उडत येऊन थेट अंड्यांवर बसत नाही. कोणी पाहत असेल या हिशेबाने ती असे आडवळण घेते. बावीस मिनिटांनी तिने अंग हलवून पोटाखालची पिसे फुलवली आणि ती बसली. विजेचा खांब आणि रिकामे पिंप यांच्या रेषेवरून मी जागा मनात पक्की केली आणि एकटीच पुढे गेले.

उथळ खळग्यात चार अंडी होती, मातकट पिवळसर, त्यांवर काळपट डाग, चारही निमुळती टोके मध्यभागी जुळलेली. खळग्याच्या कडेने बारीक खडे लावलेले होते आणि त्यांत आमच्या खडीच्या करड्या कपच्या स्पष्ट दिसत होत्या. रोलरचे चाक तिथून साडेचार पावलांवर होते. त्याहून जवळ, अंड्यांपासून वीतभर अंतरावर, एका बुटाचा ताजा ठसा होता. नक्षी माझ्याच बुटाची होती.

प्रकल्प अभियंत्यांनी आल्याबरोबर विचारले, "अंडी उचलून पलीकडे नाही का ठेवता येणार?" प्रश्न वाईट हेतूने विचारलेला नव्हता. पण जमिनीवर घरटे करणारा पक्षी जागा ओळखतो. हलवलेल्या अंड्यांवर तो येऊन बसेल याची खात्री धरता येत नाही. शिवाय भारतातील 1972 चा वन्यजीव संरक्षण अधिनियम वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना धक्का लावणे हेही शिकारीत मोजतो, तेव्हा हा केवळ माझ्या मर्जीचा विषय नव्हता. टिटवीची अंडी उबायला साधारण 28 ते 30 दिवस लागतात. अंडी कधी घातली हे ठाऊक नसल्याने वाईटात वाईट पूर्ण तीस दिवस धरावे लागणार होते. थोडी वादावादी झाली, नकाशा बॉनेटवर पसरला गेला आणि शेवटी रस्त्याचे काम दुसऱ्या टोकापासून व गटाराचे काम आधी घ्यायचे ठरले.

त्यानंतर मी दुसरी चूक केली. घरट्याभोवती पाच मीटरवर खांब रोवून लाल फीत बांधली. फीत वाऱ्यावर फडफडत राहिली, टिटवी चाळीस मिनिटे परतली नाही आणि एक कावळा त्यातल्याच एका खांबावर येऊन बसला. भर उन्हात उघड्यावर पडलेली अंडी गार होत नाहीत, भाजतात. फीत काढून आम्ही तीस मीटरवर चुन्याने रंगवलेले दगड ठेवले. थोड्याच वेळात टिटवी आली ती पोट ओले करून. टँकरच्या गळतीने साचलेल्या डबक्यात ती बसून आली होती आणि त्या ओल्या पिसांनी अंडी गार करत होती. टँकरचा नळ दुरुस्त करण्याची सूचना मी सकाळीच लिहून दिली होती; ती मागे घेतली.

दुपारी आमच्याच कामाने तयार झालेल्या बाकीच्या जागा पाहायला निघाले. मुरमाच्या ढिगाची जेसीबीने उभी कापलेली बाजू जणू नदीकाठची दरड झाली होती आणि तीत वेड्या राघूंची दोन बिळे होती. माल उलट्या बाजूने उचलायला सांगितले. नवे ढीग उतरते ठेवले की हा प्रश्न येत नाही.

मला अधिक काळजी चरांची होती. टिटवीची पिल्ले अंड्यातून निघाल्यावर काही तासांतच चालू लागतात आणि एका दिवसात घरटे सोडतात. घरटे वाचवून पिल्लू मीटरभर खोल चरात पडले तर काय उपयोग? संध्याकाळी प्रत्येक चरात तिरक्या फळ्या टाकल्या, उघड्या पाइपांची तोंडे बंद केली. दुसऱ्या दिवशी सकाळी एका चरात, जिथे फळी टाकायची राहून गेली होती, दोन बेडूक आणि एक सापसुरळी भिंतीवर चढण्याची धडपड करताना सापडले.

सतराव्या दिवशी खळगा रिकामा होता. पण संकट टळले नव्हते, कारण आई-बाप ओरडले की पिल्ले पळत नाहीत, खड्यांत दबून निश्चल होतात आणि दोन हातांवरूनही दिसत नाहीत. दोन दिवस आणखी थांबलो. तिसऱ्या दिवशी रोलरचालकाने इंजिन सुरू करण्याआधी पट्टा पायी फिरून पाहिला. टिटवी चरापलीकडच्या गवतात ओरडत होती. केबिनमध्ये चढताना तो म्हणाला, "तिचा आवाज तिकडून येतोय तोवर मी इकडे चालवतो. इकडून आला की बंद."