पोरं रडवायचा पगार

"बालवाडी एवढी चांगली चालली होती, मग त्या पोरं रडवायच्या लॅबमध्ये का गेलात?" लग्नाच्या पंगतीत, राजारामपुरीत भाजी घेताना, रंकाळ्यावर फिरताना, सगळीकडे हेच. "जरा बदल हवा होता," असं मी हसून म्हणत आले. ते खोटं नाही, पण उत्तरही नाही. परवा तुम्ही बालवाडीतल्या पालकांनी जरा रागानंच विचारलंत, म्हणून एकदाचं लिहिते.

आधी रडवण्याचं. आम्ही कुणाला चिमटे काढत नाही. चार-पाच महिन्यांचं बाळ खुर्चीत, समोर आई. दोन मिनिटं ती नेहमीसारखी खेळवते. पुढची दोन मिनिटं बाळाकडे नुसती बघत राहते: हसायचं नाही, बोलायचं नाही, हात लावायचा नाही, चेहरा दगडासारखा. मग पुन्हा खेळवायचं. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली हा प्रयोग प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून तो जगभर होत आलाय. संशोधनाच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी असते, आईची लेखी संमती असते, तिनं हात वर केला की त्याच क्षणी थांबवतो. लस टोचताना बाळ याहून जास्त रडतं.

हे मी इतकं घडाघडा म्हणते, त्यावरूनच ओळखा की स्वतःलाही किती वेळा ऐकवलं असेल. लस बाळासाठी असते. आमची ती दोन मिनिटं बाळासाठी नसतात, आणि बाळाला कुणी विचारत नाही. याला माझ्याकडे उत्तर नाही.

मग का गेले? बालवाडीत पोरं गप्प करण्यात मी पटाईत होते. तुम्हीच सांगत फिरायचात, ताईंच्या मांडीवर बसलं की रडं बंद. वर्गात एकानं सूर लावला की बाकीची मागून सुरू होतात, त्यामुळं रडं थांबवणं हेच काम. चिऊ दाखव, खाऊ दे, "शहाणं बाळ रडतं का?" म्हण. पण कुणी गप्प केलं नाही तर मूल आपलं आपण काय करतं, हे बघायला मला कधी सवडच मिळाली नाही. विद्यापीठाच्या प्रकल्पाला माणसं हवीत असं कळलं, तेव्हा हे एवढंच डोक्यात होतं. पगारही बरा होता, तेही लपवत नाही.

तिथं पहिल्यांदा माझा तोरा उतरला. मुलांचे चेहरे मला वाचता येतात, असं मी समजत होते. चित्रफीत थांबवत थांबवत, सेकंदासेकंदाला बाळाच्या चेहऱ्यावर काय आहे ते दोघींनी वेगवेगळं लिहायचं असतं. मी लिहिलं राग, नुकतीच एम. ए. झालेल्या पोरीनं लिहिलं भीती. दोघींचं जुळणं योगायोगापेक्षा किती जास्त आहे, ते कप्पा नावाच्या आकड्यानं काढतात. पूर्ण जुळलं तर एक, योगायोगाइतकंच जुळलं तर शून्य. माझा पहिला कप्पा मी कुणाला सांगणार नाही. आणि बाळ तोंड फिरवतं त्याला मी इतकी वर्षं हट्ट म्हणत होते. सोसवेना झालं की ते नजर काढून घेतं आणि स्वतःला सावरतं.

आता ती गोष्ट. गाव, महिना, बाळाचं नाव लिहीत नाही. विशीतली आई आणि सोबत सासू. सासूला बाहेर बसवलं होतं, तर ती दाराच्या काचेला नाक लावून उभी. पहिली दोन मिनिटं ठीक गेली. मग आईनं चेहरा थांबवला. बाळ आधी हसलं. मग आवाज काढला. मग दोन्ही हात पुढं केले. आई ढिम्म. एरवी या वेळी आया ओठ चावतात, कुणाचे डोळे भरतात, कुणाला हसू फुटतं. हिला काही जडच गेलं नाही. बाळानंही फार आटापिटा केला नाही. तोंड फिरवलं, खुर्चीचा पट्टा चोखत दाराकडं बघत राहिलं. तिथं आजी होती. रडलं नाहीच. कागदावर त्या आठवड्यातलं सगळ्यात सोपं काम.

कॅमेरा बंद केला तशी ती पदर सावरत म्हणाली, "घरात बी माझं त्वांड असंच असतंय की, बाई. त्याला काय नवीन न्हाई." तेवढ्यात सासू आत आली आणि ती गप्प झाली.

तुम्ही विचारता पोरं रडतात का. जे रडलंच नाही, त्यानं माझी झोप उडवली.

बालवाडीतली मी असते तर तिचा हात धरला असता, सासूला चहाला पाठवलं असतं, घरी जाऊन आले असते. इथं सल्ला द्यायचा नाही, प्रकल्प बघणाऱ्या मॅडमना सांगायचं, असा नियम. मी सांगितलं. मॅडम तिच्याशी एकटीशी बोलल्या, दवाखान्याची चिठ्ठी दिली. ती गेली का, ते मला कळवत नाहीत. कळवूही नये, हे मला पटतं आणि पटत नाही. त्याच ट्रॉनिकनी पुढं दाखवलंय की साध्या खेळातसुद्धा आई-बाळाचं बराच वेळ जमत नसतं. बिनसलेलं पुन्हा जुळणं महत्त्वाचं. हे तिला सांगावंसं फार वाटलं. तिच्या उपयोगाचं होतं की माझ्या समाधानाचं, कोण जाणे.

मग नोंदी करायला बसले. बाळाची नजर कुठं? रकाने तीन: आई, वस्तू, इतरत्र. आजी 'इतरत्र'! बैठकीत मी भांडले, की आपल्याकडं पोरं आजीच्या मांडीवर वाढतात, हा तक्ता कुणाच्या घरावरून काढलाय? मॅडम म्हणाल्या, मध्येच रकाना वाढवला तर आधीच्या बाळांशी तुलना कशी करायची? बरोबर आहे त्यांचं. तरी मी शेऱ्यात 'दारात आजी' लिहिते. त्या खोडत नाहीत, मोजतही नाहीत.

परत कधी येणार, हा तुमचा पुढचा प्रश्न. प्रकल्पाचे पैसे मार्चपर्यंत आहेत, पुढचं पुढं. पण आलेच तर एक सांगून ठेवते. पोरगं रडायला लागलं की मी लगेच उचलणार नाही, आणि तुम्ही खिडकीतून "ताई, घ्या की त्याला" म्हणून ओरडायचं नाही. किती वेळ थांबायचं म्हणाल, तर ते मलाही अजून सांगता येत नाही.