अँप बंद पडायचा तो रंकाळ्यावरच

स्विफ्टवाला पोरगा दुकानात आला तो निदान ठरवूनच. "दादा, बॅटरीकडचा लग सोल्डरचा आहे. तेवढा कापून क्रिंप मारून द्या, बाकी सगळं नवीन आहे." लग म्हणजे वायरच्या टोकाला बसवायचं, बोल्टखाली आवळायचं धातूचं टोक. त्यात वायर सोल्डरने, म्हणजे वितळवलेल्या कथलाने, डकवतात, नाहीतर हत्याराने दाबून पक्की करतात, ती क्रिंप. बाकी सगळं नवीन म्हणजे बॅटरी नवीन, अँप, म्हणजे गाण्यांचा अ‍ॅम्प्लिफायर, नवीन, अँपची अर्थिंग वायर नवीन. तक्रार मात्र जुनीच. संध्याकाळी रंकाळा तलावावर गाडी लावून गाणी सुरू केली, की थोड्या वेळाने बेस पडताच अँप प्रोटेक्टमध्ये जायचा, म्हणजे स्वतःला वाचवायला आपोआप बंद पडायचा. आधीच्या दुकानात तपासलं की सगळं ओके. ओके येणारच! तिथं इंजिन चालू ठेवून तपासत होते. अल्टरनेटर चौदा व्होल्ट ढकलत असताना वायरीतला दोष झाकला जातो. रंकाळ्यावर पोरं इंजिन बंद करून बसतात, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

पॉवर वायरला सोल्डर नको, या मताचा मीही आहे. सोल्डर तारांमधून वर चढतं आणि जिथं थांबतं तिथं मऊ वायरची एकदम कडक सळई होते. गाडीच्या हादऱ्यांनी तारा नेमक्या त्या कडेला तुटतात, आणि वर हीटश्रिंक, म्हणजे तापवून आवळणारी नळी, चढवलेली असली की दिसतही नाही. त्यामुळे पोरगा म्हणतो ते पटण्यासारखंच होतं. पण मोजल्याशिवाय कापायचं नाही, हा दुकानाचा नियम.

मोजायचं म्हणजे मीटरच्या बझरवर नाही. आमच्या धंद्यातल्या निम्म्या लोकांची तपासणी "बीप आला, वायर चांगली" इथंच संपते. एक तार शिल्लक असली तरी बीप येतो. ओहमची रेंजही इथं निरुपयोगी, मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रेझिस्टन्स जास्त भरतो. करंट वाहत असतानाच लगवर किती व्होल्ट पडतात ते बघायचं. इंजिन बंद केलं, ५० हर्ट्झचा टोन लावला. वायरीभोवती लावून करंट मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर ६० अँपिअर. एक प्रोब लगवर, दुसऱ्याची सुई लगच्या मागे वायरीत टोचलेली.

बॅटरीकडचा बदनाम सोल्डर लग: ६ मिलिव्होल्ट.

डिकीतला अर्थिंगचा लग, चकचकीत, हायड्रॉलिक हत्याराने षटकोनी दाबलेला: आधी ३०० मिलिव्होल्ट, आणि आकडा बघता बघता चढत होता. दहा मिनिटांत १.२ व्होल्ट. ६० अँपिअरला म्हणजे ७२ वॅट, लगच्या पोटात एखादं सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखं. स्लीव्ह तपकिरी पडली होती, वास येत होता. बॅटरी लोडखाली ११.४ वर आलेली, त्यातून हे १.२ गेले, लांब वायरीत अजून थोडे गेले. अँपला पोचत होते दहाच्या आत. तो बंद पडणार नाही तर काय करणार?

लग कापून करवतीने आडवा चिरला. क्रिंप नीट बसला असेल तर कापलेल्या तोंडावर तारा वेगळ्या दिसतच नाहीत. दाबून सगळं तांबं एकजीव होतं, हवेला आत शिरायला फट राहत नाही. इथं प्रत्येक तार गोल, सुटी आणि मध्ये काळ्या फटी. लग होता ३५ स्क्वेअरचा, म्हणजे ३५ चौरस मिलिमीटर जाडीच्या वायरसाठीचा. वायरवर छापलं होतं ४ गेज, म्हणजे २१ स्क्वेअर, आणि जाड इन्सुलेशन सोललं तर आत तेवढीही भरली नाही. तार ब्लेडने खरवडली. वरून तांबं, आत पांढरं. अ‍ॅल्युमिनियम! दाबाखाली ते हळूहळू सरकतं, तापलं की आणखी, आणि पकड सुटत जाते. डाय, म्हणजे हत्यारातला दाबायचा साचा, लगच्या मापाची बरोबर होती, पण लगच वायरच्या मापाचा नव्हता. हजारोंचं हत्यार आणायचं आणि लगच्या डब्यात हाताला येईल तो लग उचलायचा, ही आपल्याकडची कारागिरी.

मग बॅटरीकडे बॉनेटमध्ये नीट वाकून बघितलं आणि हात ओळखला. लगपासून चार बोटांवर वायर रबरी क्लिपने बॉडीला आवळलेली. ही सवय एकाच माणसाची, ज्यांच्या हाताखाली मी वायर सोलायला शिकलो. चाचांना फोन लावला.

"स्विफ्ट? पांढरी? अजून चालतंय व्हय ते?"

"सहा मिलिव्होल्ट, चाचा."

"मग कशाला फोन केलास?"

सोल्डर वर कसं चढलं नाही, विचारलं. म्हणाले, "ओलं फडकं. लगमध्ये सोल्डर वितळवायचं, वायर खुपसायची, आणि मागनं ओल्या फडक्यानं धरून बसायचं गार होईस्तोवर. तवा हायड्रॉलिक कुणाच्या बापाकडं होतं? हातोडी नायतर सोल्डर. हातोडीचं मला पटंना."

अमेरिकेतल्या बोटींच्या वायरिंगचं ई-११ नावाचं एक मानक आहे. त्यात जोड नुसत्या सोल्डरच्या भरवशावर सोडू नका असं आहे, आणि अपवाद आहे तो बॅटरीच्या लगचाच: वायरच्या व्यासाच्या निदान दीडपट लांबी सोल्डरमध्ये बुडलेली हवी. सोल्डर जिथं संपतं तिथं वायर हलणार नाही असा आधारही द्यायला सांगितलंय. चाचांनी ते मानक कधी बघितलेलं नाही.

तरी नव्या कामात मी सोल्डर मारणार नाही. बॉनेटमध्ये गॅसचा टॉर्च पेटवायचा, आणि फडकं धरून बसायचा धीर माझ्याकडच्या पोरांत नाही. क्रिंपला निदान माप जुळवलं की हात कुणाचाही चालतो. पण आता कुणी "सोल्डर की क्रिंप" म्हणून भांडायला आला, की आधी विचारावंसं वाटतं, बाबा रे, वायर कसली आहे आणि बांधलीस कुठं?

अर्थिंगला २५ स्क्वेअरची तांब्याची वायर टाकली, २५ चाच लग, बॉडीवरचा रंग घासून बोल्ट आवळला. त्याच टोनला लगवर ८ मिलिव्होल्ट. चाचांपेक्षा दोन जास्त, हे पोरानं लगेच दाखवून दिलं. लग काढायलाच आलो होतो, तो तसाच ठेवला म्हणून तो नाराजच होता. बॅटरी आणि अँपवर उगाच घातलेल्या पैशांचं मात्र त्याला फारसं काही वाटलेलं दिसलं नाही. शेवटी बिलावर लिहून दिलं: "बॅटरीकडील सोल्डर लग मोजला, चांगला आहे, बदललेला नाही." ते वाचून म्हणाला, "सही करा खाली." केली.