उत्तर घानातल्या गावात स्वयंसेवक म्हणून राहायला जाताय?

सगळ्यात आधी पिवळ्या तापाची लस, बाकीचं नंतर. घानात उतरल्यावर तिचं कार्ड मागतात आणि परत येताना आपल्याकडेही मागतात. नसेल तर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते. एकदा घेतली की जन्मभर चालते. व्हिसाचं काम दिल्लीतल्या उच्चायुक्तालयातून होतं. ज्यांच्याकडे जाणार आहात त्यांचं निमंत्रणपत्र हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका.

मी आदिस अबाबामार्गे राजधानी अक्राला पोचले आणि तिथून बसने उत्तरेतल्या टामाले शहराला. अंतर 600 किलोमीटरच्या वर आहे. विमानाने तासाभराचं काम, बसने अख्खा दिवस मोडतो. तरी पहिल्यांदा बसनेच जा, आणि दिवसाच्या. कुमासीपर्यंतची दाट झाडी पुढे विरळ होत जाते, माती लाल होते, चर्चपेक्षा मशिदी जास्त दिसायला लागतात. एकाच देशात दोन देश आहेत हे खिडकीतूनच कळतं. शाल मात्र हाताशी ठेवा, बसचा एसी निर्दयी असतो.

टामालेच्या रस्त्यांवर सगळीकडे बजाजच्या पिवळ्या रिक्षा. तिथे त्यांना ‘यलो-यलो’ म्हणतात. भारतातून आले म्हटल्यावर रिक्षावाल्याने हिंदी नटनट्यांची यादीच सुरू केली. या भागात हिंदी सिनेमाचं वेड जुनं आहे. गाणं म्हणून दाखवा असा आग्रह होतोच, तेव्हा एखादं पाठ करून जा. गावातली पोरं मात्र ‘सिलिमिंगा, सिलिमिंगा’ ओरडत मागे धावतात. हा शब्द मुळात गोऱ्यांसाठी, पण आपल्यालाही लागतो.

माझं गाव टोलोनच्या बाजूला. वस्ती दागोंबा लोकांची, भाषा दाग्बानी, बहुतेक घरं मुस्लिम. मातीच्या गोल खोल्या, मध्ये अंगण आणि भोवती भिंत असं एकेक घर. अंघोळीला बिनछपराचा आडोसा आणि एक बादली. शौचालयाची सोय काय आहे हे जाण्यापूर्वी स्पष्ट विचारून घ्या. बऱ्याच घरांत ते नसतं.

पहिल्या दिवशी गावच्या मुखियाला भेटल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही. तो जनावराच्या कातड्यावर बसतो. इथे गादीचा मान त्या कातड्याला. चपला बाहेर काढायच्या, खाली बसायचं, कोलाच्या बिया (चघळायच्या, आपल्या सुपारीसारख्या) पुढे ठेवायच्या आणि जे बोलायचं ते जवळ बसलेल्या वडीलधाऱ्यामार्फत. कोला टामालेच्या बाजारातून आधीच घेऊन ठेवा. डावा हात कशालाही पुढे करायचा नाही, हे आपल्याला शिकवावं लागत नाही.

दिवस उजाडतो तो विचारपूस करण्यात. ‘दसिबा’ म्हणायचं, समोरचा ‘नाऽ’ म्हणतो. मग झोप कशी झाली, घरचे कसे आहेत, काम कसं चाललंय. पाच मिनिटांच्या वाटेला अर्धा तास लागतो. घाईत कुणाला ओलांडून गेलात तर संध्याकाळपर्यंत गावभर होतं. संस्थेने दिलेल्या वेळापत्रकात या अर्ध्या तासाला कुठेच जागा नव्हती. वेळापत्रक बनवणारा कधी त्या वाटेने चालला नसावा.

माझं काम शिया बटर करणाऱ्या बायकांच्या गटाचे हिशेब लिहायचं. इकडे बचत गटांच्या वह्या तपासल्या होत्या, एवढंच भांडवल. शियाचं झाड आपल्या मोहाच्या कुळातलं. तेही कुणी लावत नाही. शेत साफ करताना ते तेवढं राखतात, आणि फळ धरायला 15-20 वर्षं घेतं. मेपासून फळं गळायला लागली की बायका पहाटे टोपल्या घेऊन निघतात. गवतात साप असतात. सोबत जायचं तर पायात बूट आणि हातात बॅटरी हवीच.

बिया उकडायच्या, वाळवायच्या, फोडायच्या, भाजायच्या आणि गिरणीतून दळून आणायच्या. घमेल्यात चॉकलेटी रंगाचा चिकट लगदा येतो. मग दोघीतिघी कोपरापर्यंत हात घालून तो फेटत बसतात. मध्ये थोडं पाणी, कधी गार, कधी कोमट. कधी कोणतं ते हाताला कळतं. बराच वेळ काहीच होत नाही. मग रंग करडा होतो आणि एकदम पांढरा फेस वर यायला लागतो. तो ओंजळीने काढून धुवायचा, कढवायचा, गाळायचा, की लोणी तयार. मीही हात घातला होता. खांदे भरून आले आणि फेस काही आला नाही. शेजारच्या आजींनी हसत मला बाजूला सारलं.

हिशेब त्यांच्या डोक्यात पक्के होते. वही हवी होती ती खरेदीदाराला आणि बँकेला दाखवायला. लिहायला बसल्यावर एक गोष्ट समोर आली. बिया, सरपण, गिरणी यांचा खर्च सगळ्या धरत होत्या, स्वतःच्या मजुरीचा रकाना कुणीच धरला नव्हता. तो घातला आणि भावावरून गटात दोन दिवस वादावादी झाली. माझा खरा उपयोग झाला असेल तर तेवढाच. दोन आठवड्यांसाठी येऊन शाळेची भिंत रंगवणाऱ्यांचा तेवढाही होत नाही, असं माझं मत आहे. जी संस्था जबर फी घेते तिला विचारा, यातले किती पैसे गावात पोचतात. आणि अनाथाश्रमातलं काम घेऊच नका. अशा ठिकाणच्या अनेक मुलांचे आईवडील किंवा नातलग हयात असतात, आणि दर महिन्याला बदलणाऱ्या पाहुण्यांचा लळा त्या पोरांना परवडत नाही.

बाजार दर सहा दिवसांनी भरतो, त्यामुळे वार लक्षात ठेवून उपयोग नाही. आज कुठल्या गावचा बाजार, हे विचारायचं.

शाकाहाऱ्यांना जमतं, पण विचारत राहावं लागतं. रोजचं जेवण तुओ झाफी, म्हणजे मक्याच्या पिठाचा मऊ गोळा, सोबत भेंडीचं किंवा अयोयो या पालेभाजीचं बुळबुळीत सार. सारात सुक्या मासळीची पूड असतेच असते. सकाळी बाजरीची मसालेदार पेज आणि चवळीचे तळलेले वडे, म्हणजे कोसे, बिनधास्त खा. वाच्ये हा भात-चवळीचा प्रकार घ्या, वरची काळी चटणी नको म्हणा, तिच्यात मासळी असते. वागाशी नावाचं पनीर तळून मिळतं. माझी प्रथिनं तिथूनच आली. रमझानात दिवसा चुली थंड असतात, तेव्हा पेज-वड्यांची सोय आधी लावा.

पाणी तळ्याचं, मातकट. बायका ते तुरटी फिरवून निवळतात, पण निवळलेलं म्हणजे शुद्ध नव्हे, उकळा किंवा क्लोरीनच्या गोळ्या टाका. प्यायला अर्ध्या लिटरच्या पिशव्या मिळतात. याच भागात नारू, म्हणजे पिण्याच्या पाण्यातून होणारा जंताचा रोग, होता. घानातला शेवटचा रुग्ण 2010 चा आणि जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाणपत्र 2015 चं. आपल्याकडच्या विहिरींचा नारू आठवणाऱ्यांना त्याची किंमत वेगळी सांगायला नको.

मलेरिया इथे वर्षभर, पावसात जास्त, आणि बहुतेक फाल्सिपेरम, म्हणजे सगळ्यात घातक प्रकारचा. मच्छरदाणी रोज गादीखाली खोचा. ताप आला की ‘बघू उद्या’ नको, त्याच दिवशी गावच्या आरोग्य केंद्रात चाचणी करून घ्या. त्याला सगळे ‘चिप्स’ म्हणतात, खाऊचं दुकान समजू नका. कोरड्या दिवसांत जाणार असाल तर मेनिंजायटिसच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हरमटानचा वारा. धूळ, फुटलेले ओठ आणि पहाटेचा गारठा. मार्च-एप्रिलमध्ये पारा 40 च्या वर जातो. चौकोनी तीन पिनांचा अडॅप्टर, पॉवर बँक आणि मोबाइल मनीचं खातं लागेलच. सेडी हे तिथलं चलन, रोख सुट्ट्यांत ठेवा. सुट्टी मिळाली तर मोले अभयारण्यातले हत्ती आणि वाटेवरची लाराबांगाची मातीची मशीद बघून या.

परत आल्यावर मलेरिया टाळायच्या गोळ्या लगेच थांबवू नका. डॉक्सिसायक्लिन घेत असाल तर आणखी 4 आठवडे चालू ठेवायची, भरपूर पाण्याबरोबर आणि घेतल्या घेतल्या आडवं न होता. त्यानंतरही वर्षभरात ताप आला, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य घानाला जाऊन आल्याचं सांगा.