रद्दीतलं गिफ्ट पॅकिंग, आणि ते ग्लिटर राहू दे

टाकाऊतून टिकाऊचे जे व्हिडिओ फिरत असतात ना, त्यात बऱ्याचदा शेवटी खोक्यावर हॉट ग्लू, ग्लिटर, प्लॅस्टिकचे मोती असं सगळं थापलेलं असतं, म्हणजे जो पुठ्ठा सरळ रद्दीत जाऊन परत कागद झाला असता त्याचा आता पक्का कचरा झाला. मला हे पटत नाही. गिफ्ट उघडल्यावर पॅकिंग परत रद्दीत टाकता आलं पाहिजे, आणि त्यासाठी चिकटवाचिकटवी कमी, घड्या जास्त.

माझा सगळ्यात लाडका कच्चा माल म्हणजे ऑफिसातला एका बाजूने प्रिंट झालेला ए-फोर कागद. त्याचा २१ सेंमीचा चौकोन कापायचा, छापील बाजू वर ठेवून चारही कोपरे मध्यावर आणायचे, मग चारही कडा मध्यापर्यंत दुमडून उघडायच्या, आणि समोरासमोरचे दोन कोपरे परत उघडून, त्याच घड्यांवर भिंती उभ्या करून ते कोपरे भिंतींवरून आत दुमडले की साधारण ७.४ सेंमीचा चौकोनी डबा तयार होतो, उंची ३.७ च्या आसपास, गोंदाचा थेंबही नाही आणि छापील मजकूर सगळा आत गडप. जपानी ओरिगामीत याला मासू म्हणतात. हे झालं झाकण. तळासाठी चौकोन २०.५ सेंमीचा घ्यायचा, तेवढ्याने डबा जेमतेम दोन मिलिमीटर लहान होतो आणि झाकण मस्त बसतं. फक्त मागे काय छापलंय ते आधी बघा हं, कुणाची पगाराची स्लिप, पत्ता, खातेनंबर असलं काही नको, कारण घड्या उलगडणारे लोक असतातच.

कुरिअरचं खोकं असेल तर त्याचा चिकटवलेला जोड हळूच सोडवायचा, खोकं उलटं करायचं, आतली बाजू बाहेर, आणि जोड परत चिकटवायचा. लेबल आत जातं, बाहेर कोरा तपकिरी पुठ्ठा. नवीन घडी घालायची तर पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्यांच्या दिशेने ती सहज पडते, आडवी घालायची असेल तर आधी पट्टी धरून संपलेल्या रिफिलने दाबून रेघ ओढा, नाहीतर पुठ्ठा कुठेही मोडतो.

टिश्यू रोलची नळी चपटी करून दोन्ही तोंडं गोलाईत आत दाबली की कानातल्यांसाठी छोटा डबा झाला. टेट्रापॅक धुवून भरपूर चुरगाळला की वरचा छापील थर सोलून निघतो आणि खाली सुंदर तपकिरी कागद दिसतो. आता तो माझ्या नियमात बसत नाही हे मान्य, त्यात प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर असतात, पण साध्या रद्दीत तो आधीही चालत नव्हताच, मग निदान अजून एकदा वापरला जातोय.

दुकानातली गुळगुळीत बिलं मात्र घेऊ नका, त्यावर केमिकलचा थर असतो आणि उष्णता लागली की काळी पडतात. चकचकीत रॅपर खरंच कागद आहे का बघायचं तर मुठीत चुरगाळा, मूठ उघडल्यावर परत फुलला तर त्यात प्लॅस्टिक असण्याची शक्यता जास्त.

बांधायला जुन्या टी-शर्टच्या पट्ट्या कापून ताणा, कडा आपोआप आत वळतात आणि छान दोरी होते. गाठ सुटणारी मारा, नाहीतर समोरचा कात्री आणतो आणि दोरीसकट डबाही कापून मोकळा होतो.