तीस पौंड आणि बंद पंखे

मे महिन्यात पणजीत पंखे बंद करून माणसं कोंडून ठेवणं हे पाप आहे. ते मी फोंताईनशमधल्या एका जुन्या घराच्या दिवाणखान्यात सोसलं, आणि तेसुद्धा विलायती रॉकच्या एका रेकॉर्डसाठी.

कोल्हापूरहून आलो होतो सुट्टीला. आंबोलीचा घाट, सावंतवाडीत जेवण, संध्याकाळी पणजी. बायको-मुलं मिरामारच्या वाळूत रमली. मला वाळूचा कंटाळा. त्यात एका बेकरीच्या दारावर कागद चिकटवलेला दिसला: पिंक फ्लॉइडची ‘द डार्क साइड ऑफ द मून’ कशी घडली, यावर गप्पा, प्रवेश मोफत. कॉलेजात या रेकॉर्डची कॅसेट मी टेप अडकेपर्यंत वाजवलीय. न जाऊन सांगतो कुणाला!

वक्ते मुंबईचे, ध्वनिमुद्रणातले. सोबत स्पूलचा जुना टेपरेकॉर्डर. त्यातल्या ‘मनी’ या गाण्याच्या सुरुवातीला नाणी खुळखुळतात, कागद फाटतो, गल्ल्याचं मशीन खणखणतं, ते कसं केलं हे दाखवायचं होतं. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. प्रत्येक आवाज वेगळा मुद्रित करायचा, टेपचे सात तुकडे पट्टीनं मोजून कापायचे, टोकाला टोक चिकटवायचं. तयार झालेलं वेटोळं मशीनमधून ओवून माइकच्या स्टँडभोवती ताणायचं, की ते गोल गोल फिरत राहतं. नाण्यांचा आवाज म्हणे बँडमधल्या रॉजर वॉटर्सनं बायकोच्या मातकामाच्या भांड्यात नाणी फेकून मिळवला.

तर वक्त्यांनीही तसं वेटोळं बनवून आणलेलं. पण पंख्याच्या वाऱ्यानं टेप फडफडायला लागली. “दोनच मिनिटं पंखे बंद करूया.” ती दोन मिनिटं कार्यक्रम संपेपर्यंत संपली नाहीत! गोव्याच्या लोकांचा सोशिकपणा मोठा. कोल्हापुरात असतं तर कुणीतरी उठून बटण दाबलं असतं आणि वर चार शब्द ऐकवले असते.

शेजारी फोंड्याकडचे एक काका होते. पांढरा शर्ट, घडी मोडू न देता बसलेले. भजनाला पेटीवर साथ करतात, हे नंतर कळलं. खण्-छन्-टर्र सुरू झालं तसा त्यांनी मांडीवर रूपक ताल धरला. सात मात्रा, बरोबर बसल्या. मधे गिटार चार मात्रांवर उतरली तेव्हा ते क्षणभर थबकले, मग माझ्याकडे बघून हसले.

इथवर मी घामासकट खूश होतो. डोकं फिरलं ते पुढं. लंडनचा अ‍ॅबी रोड स्टुडिओ, सोळा ट्रॅक, तिथला तरुण ध्वनिमुद्रक अ‍ॅलन पार्सन्सनं घड्याळांच्या दुकानात जाऊन टिपलेले ठोके, या सगळ्याला ऐसपैस वेळ. आणि त्याच रेकॉर्डवरच्या ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ला? वीस सेकंद गाणं वाजवलं, आवाज बारीक केला आणि त्यावर बोलायला लागले. क्लेअर टॉरी ही बाई 21 जानेवारी 1973 ला, रविवारी, स्टुडिओत आली. तिला पार्सन्सनंच सुचवलं होतं. शब्द दिले नाहीत. तिनं काही शब्द घालून बघितले तर बँडवाले नको म्हणाले. मग स्वतःला वाद्य समजून गायली आणि घरी गेली. मानधन तीस पौंड, तेही रविवार म्हणून दुप्पट. पुढची स्लाइड.

काकांनी हात वर केला. “चाल कोणाची लिहिली?”

“रिक राइट. बँडचा कीबोर्डवाला.”

“आणि आलाप बाईनं केला तो?”

वक्ते म्हणाले, 2004 मध्ये ती कोर्टात गेली, 2005 मध्ये तडजोड झाली आणि आता राइटच्या जोडीला तिचंही नाव लागतं. काका खाली बसले, पण त्यांचं समाधान झालेलं नव्हतं. माझंही नाही. बत्तीस वर्षं झाली की हो मधे!

बाहेर पडून आम्ही पाव-भाजी खायला गेलो. मी कोल्हापूरचा म्हटल्यावर त्यांनी गवई अल्लादियाखाँ काढले, तिथून त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर. फोंडा तालुक्यातलं केरी हे बाईंचं गाव. त्यांची भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली, हे काका अशा थाटात सांगत होते की यान जणू यांच्याच अंगणातून सुटलं. स्वतःच्या मर्जीशिवाय बाई माइकसमोर बसत नसत, हेही सांगितलं. “तीस पौंडांत? पेटीसुद्धा उघडू दिली नसती.”

मग म्हणाले, त्या टॉरीचं गाणं पुरतं ऐकव. भजी तळण्याच्या आवाजात, फोन दोघांच्या मधे धरून, पावणेपाच मिनिटं ऐकलं. गल्ल्यावरचा पोरगा आमच्याकडे संशयानं बघत होता. शेवटी शेवटी तो आवाज अगदी मवाळ होत जातो, तिथं काकांनी मान डोलावली.

“दमली बिचारी,” म्हणाले. “पण सूर सोडला नाही. परत लाव रे.”

मी परत लावलं. तेवढ्यात त्यांनी बिल देऊन टाकलं होतं, आणि माझी नोट घ्यायला काही केल्या तयार होईनात.