लियॉनच्या गल्लीत सोलापूरचे काका

टूर मॅनेजर म्हणून फ्रान्सला माझ्या बऱ्याच फेऱ्या झाल्यात, पण लियॉनमधली ती एक सकाळ अजून डोक्यातून जात नाहीये. ग्रुपमध्ये बहुतेक साठीच्या पुढचे, त्यात पाऊस, आणि क्रुआ-रूसची टेकडी चढायची होती. "ह्या जुन्या चाळी बघायला आणलंस होय?" असं एक काकू म्हणाल्यासुद्धा.

रू इम्बेर-कोलोमेस ही त्या टेकडीवरची गल्ली म्हणजे पहिल्या नजरेत काहीच नाही. दोन्हीकडे सपाट भिंतीच्या उंच इमारती, नक्षीकाम जवळपास नाहीच, नुसत्या ओळीने लांबच लांब खिडक्या. राज्यक्रांतीआधी ह्या उतारावर मठांच्या जमिनी होत्या, त्या जप्त होऊन विकल्या गेल्या आणि 19व्या शतकात तिथे रेशीम विणणाऱ्यांची घरं उठली. ह्या विणकरांना तिथे कान्यू म्हणतात. लोकल गाईड फ्रेंच इंग्लिशमध्ये सांगत होती, मी मराठीत. ती म्हणाली की इथल्या खोल्यांची छतं जवळपास 4 मीटर उंच आहेत, आणि मी ते मराठीत सांगायच्या आधीच मागून आवाज आला, "जेकॉर्ड बसवायचा असंल तर तेवढी उंची लागतीच की."

सोलापूरचे काका. तीन दिवस बसमध्ये फारसे बोलले नव्हते. चादरीच्या कारखान्यात जेकॉर्डवर, म्हणजे कापडातच नक्षी विणणाऱ्या मागावर, आयुष्य गेलेलं. जेकॉर्ड हे एका माणसाचं नाव आहे, जोसेफ मारी जाकार, ह्याच शहरात 1752 ला जन्मला, हे मी सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे बघतच राहिले. "आम्ही रोज त्या माणसाचं नाव घेत होतो होय?"

मग गाईड थांबली आणि काका सांगायला लागले, मी उलटं इंग्लिशमध्ये. नक्षीचे भोकं पाडलेले पुठ्ठे मागाच्या वर फिरतात म्हणून उंची, बारीक दोरा दिसायला हवा म्हणून एवढ्या मोठ्या खिडक्या, आणि माग हलू नये म्हणून वरच्या तुळयांना टेकू देऊन घट्ट करत असणार. गाईड म्हणाली, अगदी तसंच. मघाच्या काकूंनी विचारलं, मग माणसं झोपायची कुठे? खोलीतच अर्ध्या उंचीवर लाकडी माळा, त्यावर. खाली दिवसभर खटखट. तिथल्या लोकांनी मागाच्या आवाजाला नावच ठेवलंय, बिस्तांक्लाक. काकांनी तो शब्द दोन-तीनदा म्हणून बघितला.

तिथून इमारतींच्या आतल्या वाटेने, ज्याला त्राबूल म्हणतात, आम्ही कूर दे व्होरास नावाच्या चौकात गेलो, तिथला सहा मजली उघडा दगडी जिना साधारण 1840 चा. वर आजही लोक राहतात म्हणून हळू बोलायचं असतं. ह्या बोळांमधून रेशमाचे गठ्ठे पावसात न भिजवता नेता यायचे असं सांगतात. आणि 1831 ला मजुरीच्या दरावरून कान्यूंनी बंड केलं ते ह्याच टेकडीवर, काळा झेंडा घेऊन, त्यावर लिहिलेलं, काम करत जगू नाहीतर लढत मरू. मी हे मराठीत सांगताना माझाच आवाज जड झाला.

ठरलेला वेळ केव्हाच उलटला होता, मी ड्रायव्हरला फोन करून अर्धा तास मागून घेतला. काका जिन्याखाली उभं राहून वरच्या खिडक्या मोजत होते, एका मजल्यावर किती माग बसत असतील त्याचा हिशोब करत, आणि त्या काकू त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभ्या होत्या.