तिळ्याचे दात आणि सासूबाईंचे हात

दिवाळी झाली त्याच आठवड्यात तिळ्या आमच्याकडे आला. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीतली कुत्री एका रात्री गाडीखाली गेली. तिची दोन पिल्लं लोकांनी नेली, हा एकटा समोरच्या ओटल्याखाली कुंईकुंई करत राहिला. काळाभोर, छातीवर पांढरे ठिपके, म्हणून तिळ्या. वय जेमतेम दीड महिना.

चार दिवस नुसता झोपला. पाचव्या दिवशी अंगात रग आली आणि त्याने चावायला सुरुवात केली. हात, पावलं, साडीचे काठ, लेकाच्या शाळेच्या पँटची मोहरी, जे हलेल ते त्याच्या तोंडात. दुधाचे दात म्हणजे सुयाच, आणि अशा सुया पिल्लाच्या तोंडात अठ्ठावीस असतात.

मला काळजी होती ती सासूबाईंची. त्या एकोणऐंशीच्या. रक्त पातळ राहण्याची गोळी चालू आहे. नुसती दाराची कडी लागली तरी हातावर जांभळा डाग उठतो आणि पंधरा दिवस जात नाही. नणंद फोनवर म्हणालीच, "वहिनी, देऊन टाका कुणाला तरी." मला ते पटत नव्हतं. कुणाला देणार? ज्याला देऊ त्यालाही चावणारच की.

समोरच्या गुजराती आजी, बा, रोज ओटल्यावरून सांगायच्या, "नाक पर एक टपली मार, भूली जशे." म्हणजे नाकावर टपली मार, चावणं विसरेल. ह्यांनी दोन दिवस मारून पाहिल्या. तिसऱ्या दिवशी तिळ्याच्या डोक्यावर एक वाळकं पान अडकलं होतं, ते काढायला मी हात पुढे केला. त्याने कान मागे चिकटवले, डोळे गच्च मिटले, फरशीला सपाट झाला आणि हात जवळ येताच कचकन दात लावले. मी त्याला कधी बोटही लावलं नव्हतं. दात लागला त्याचं काही नाही वाटलं, पण ते मिटलेले डोळे पाहून माझ्या पोटात कालवलं. त्या दिवसापासून घरात टपली बंद.

लस टोचायला गेलो तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. पिल्लं एकमेकांशी खेळताना चावतात. जोरात लागलं की दुसरं पिल्लू केकाटतं आणि खेळ सोडून निघून जातं. आईचं दूध पितानाही तेच, दात लागला की ती उठून जाते. किती जोर चालतो हे पिल्लू असं शिकतं. तिळ्याची ही शाळा दीड महिन्यातच बुडाली. आता ती आम्हालाच भरवायची होती.

आधी आम्ही केकाटून पाहिलं. काही पिल्लं त्याने थबकतात म्हणे, आमचा जास्तच चेकाळायचा. लेक तर "आई गं!" ओरडून हात झटकायचा आणि पळत सुटायचा, की हा मागे. लेकाला सगळ्यांत जास्त दात लागायचे. आणि सासूबाईंना सगळ्यांत कमी! हे कसं, म्हणून एक दिवस मी मुद्दाम बसून बघितलं. सासूबाई झोपाळ्यावर. तिळ्याने पदर धरला. त्यांनी पाय टेकून झोपाळा थांबवला, हात पदराखाली घेतले आणि मान भिंतीकडे वळवली. पळता येत नाही, ओरडायची सवय नाही. दोन झटके देऊन त्याने पदर सोडला आणि खाली बसला. मग त्यांनी आपलं सावकाश जवळची जुन्या धोतराची गाठ मारलेली चिंधी पुढे सरकवली.

मग आम्ही सगळ्यांनी तेच धरलं. दात लागला की हात ओढायचा नाही, जागच्या जागी सैल सोडायचा. बोलायचं नाही, बघायचं नाही. तरी थांबला नाही तर उठून स्वयंपाकघरात. दारात ह्यांनी प्लायची गुडघाभर उंच फळी बसवली होती, ती ओलांडून वीस आकडे मोजायचे आणि परत यायचं. पाच-पाच मिनिटं कोंडून ठेवलं तर कशामुळे कोंडलं ते पिल्लाला कळत नाही. परत आल्यावर तोंडात द्यायला चिंधी हवीच. पहिल्या आठवड्यात मी दिवसातून तीसेक वेळा ती फळी ओलांडली असेन. आणि सुरुवातीला हलकं तोंड लावलं तर चालवून घेतलं, फक्त जोरात लागलं की खेळ बंद. हलकं येऊ लागल्यावर मग तेही कमी केलं.

याच दिवसांत लेकाच्या मनगटावर ओरखडा उठून रक्त आलं. पिल्लाला रेबीजची लस ते तीन महिन्यांचं झाल्यावर देतात, तिळ्याची व्हायची होती. वाहत्या नळाखाली साबणाने घड्याळ लावून पंधरा मिनिटं जखम धुतली आणि तडक डॉक्टरांकडे गेलो. लशीचे सगळे डोस पूर्ण केले. घरचंच पिल्लू आहे, एवढंसं तर लागलंय, असं म्हणून कृपा करून कुणी सोडून देऊ नका.

डिसेंबरअखेर चावणं निम्म्यावर आलं होतं. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवशी, पुन्हा सगळं उलटलं. १४ जानेवारीला पहाटेपासून गच्चीगच्चीवर भोंगे, पतंग कापला की "काय पो छे"च्या आरोळ्या, थाळ्या. एवढंसं पिल्लू दिवसातले अठरा तास झोपतं, त्या दिवशी त्याचा डोळा लागला नाही. मी दिवसभर मांजाचे तुकडे वेचत होते, ते पोटात गेले तर जिवावर बेततं. संध्याकाळी त्याने माझी पोटरी अशी धरली की सुटेना. हट्टीपणा नव्हता तो, झोप झाली नव्हती. आतल्या खोलीत अंधार केला, पंखा मोठा लावला, गोधडीवर ठेवला. दोन मिनिटांत घोरायला लागला. तेव्हापासून तिन्हीसांजेला चावायला लागला की मी आधी झोपेचा हिशेब बघते.

त्याच आठवड्यात झाडताना केरात तांदळाच्या कणीएवढा दात सापडला. चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडायला लागतात, हिरड्या शिवशिवतात. सुती फडकं भिजवून, पिळून, गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवायचं आणि हातात धरून चघळायला द्यायचं. गार गाजरही आवडीने खायचा. शिजलेलं हाड मात्र नाही, त्याच्या कपच्या घशात रुततात.

आता तो सात महिन्यांचा आहे. बेचाळीस पक्के दात, जबड्यात ताकद. काल दुपारी सासूबाई झोपाळ्यावर डुलकी घेत होत्या, हात खाली लोंबत होता. तिळ्या आला, पाटलीसकट मनगट तोंडात घेतलं. मी दारात श्वास धरून उभी. त्याने क्षणभर तसंच धरलं, सोडलं आणि हनुवटी त्यांच्या पावलावर टेकून पडला. सासूबाईंनी डोळे न उघडताच हात पदराला पुसला.